तिच्या पगारावरची रेघ

मी 1986 साली बँकेत लागलो आणि 2021 मध्ये निवृत्त झालो. त्यातली शेवटची सोळा-सतरा वर्षं सौंसर आणि पांढुर्ण्याच्या शाखांमध्ये गृहकर्जाच्या फाईली माझ्याकडे होत्या. दोघांच्या पगारावर कर्ज मागणारं जोडपं समोर बसलं आणि बाई गरोदर आहे किंवा नुकतीच बाळंत झाली आहे असं दिसलं, की मी अर्जातल्या तिच्या पगारावर लाल पेनाने आडवी रेघ मारत असे. मग उरलेल्या एका पगारावर कर्ज किती बसतं ते काढायचं आणि तेवढंच मंजूर करायचं. कुणी मला तसं लेखी सांगितलं नव्हतं. अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेली गोष्ट होती आणि माझा विवेक मला पक्का वाटत होता. आज मला तो चुकीचा वाटतो. माझ्या त्या रेघेमुळे काही लोकांचं नुकसान झालं, म्हणून हे नीट लिहून ठेवतो आहे.

ही सवय कुठून लागली ते आधी सांगायला हवं. 2006 मध्ये मी एका जोडप्याला दोघांचा पगार धरून पूर्ण कर्ज दिलं होतं. तो एका दुकानात हिशेब लिहायचा, ती एका खाजगी शाळेत शिकवायची. वर्षभरात तिला मूल झालं आणि ती पुन्हा शाळेत गेली नाही. हप्ते थकले. 90 दिवस हप्ता आला नाही की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं, तसं ते झालं. 2002 च्या सरफेसी कायद्याखालची, थकबाकी भरा नाहीतर घर जाईल अशी नोटीस दारावर चिकटवायला मी स्वतः गेलो होतो. दार उघडं होतं. आत कडीला साडीची झोळी बांधलेली होती. ती बाई एका हाताने झोळी हलवत होती आणि माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. पुढे तिच्या वडिलांनी शेताचा तुकडा विकला, थकबाकी भरली, घर वाचलं. पण वरच्या कार्यालयाने मला जाब विचारला होता आणि तो मला फार लागला होता. बाळ येणार असेल तर आईचा पगार धरायचाच नाही, असं मी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं.

एका फाईलचा वचपा मी पुढची कित्येक वर्षं दुसऱ्याच बायकांवर काढला. त्या फाईलमध्ये नेमकं काय बिघडलं होतं, ते मात्र मी तेव्हा पाहिलं नाही.

2014 चा पावसाळा होता. सौंसरच्या शाखेत एक जोडपं आलं. ती सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स, कायम नोकरी, हातात पडणारा पगार 19,000 रुपये. नवरा बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे, पगार 14,000. सौंसरमध्ये त्यांचा स्वतःचा प्लॉट होता आणि बांधकामासाठी 12 लाख हवे होते. तेव्हा गृहकर्जाचा दर दहा टक्क्यांच्या आसपास होता. वीस वर्षांच्या मुदतीला लाखामागे महिना 965 रुपये हप्ता, हा आकडा मला झोपेतही आठवायचा. म्हणजे 12 लाखांना 11,580. दोघांचे मिळून 33,000 रुपये. हप्ता उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत हवा असं धरलं, तरी 14,850 पर्यंत जागा होती. फाईल आरामात बसत होती.

मी तिच्याकडे पाहून विचारलं, "कितवा महिना?"

ती म्हणाली, "सहावा."

शाखेत माणसं होती, शिपाई तिथेच उभा होता, रोखपालाच्या खिडकीसमोर रांग होती. मी सगळ्यांसमोर विचारलं आणि सगळ्यांसमोर रेघ मारली. उरले 14,000. त्याचे 45 टक्के म्हणजे 6,300. त्यावर कर्ज बसतं साडेसहा लाख. मी त्यांना सांगितलं, साडेसहा लाख घ्या, नाहीतर बाळ मोठं होऊ द्या आणि मग या.

तिच्यासोबत तिचे वडील आले होते. रामाकोन्याकडचे संत्र्याचे शेतकरी, आमच्याच शाखेचे जुने खातेदार. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांच्या नव्या बगिच्याचं कर्ज मंजूर केलं होतं. ते इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, माह्या बगिच्याले तुम्ही पाच वर्सं सूट देता, अन् माह्या पोरीले सा महिन्याचीबी नाही?"

मी म्हणालो, "काका, बगिच्याचं वेगळं आहे. तिथे जमीन तारण असते." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि उठून बाहेर गेले.

ते वाक्य तेव्हा मला उद्धट वाटलं होतं. पुढे काही वर्षांनी ते माझ्या मनात पुन्हा उगवलं, आणि त्यानंतर गेलं नाही.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पांढुर्णा आणि सौंसर म्हणजे कापूस आणि संत्रा. इकडे नागपूर, तिकडे छिंदवाडा. 1956 पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. संत्र्याचं कलम लावलं की पहिली चार-पाच वर्षं शेतकऱ्याच्या हाती त्यातून काहीच पडत नाही. खड्डे, कलमं, ठिबक, खत, राखण, सगळा खर्चच. म्हणून बँक बगिच्याला कर्ज देताना फळ धरेपर्यंत हप्ता मागत नाही. त्या काळाला आमच्या कागदपत्रांत जेस्टेशन पिरियड म्हणतात. हा मूळचा गर्भारपणाचाच शब्द. शेकडो वेळा मी तो शब्द स्वतःच्या हाताने बगिच्याच्या फाईलवर लिहिला. झाड लहान आहे म्हणून मी कधी कुठल्या शेतकऱ्याला परत पाठवलं नाही. उलट कलम कुठल्या रोपवाटिकेचं, खुंट जंभेरीचा आहे का, विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का, ताण कधी देता, आंबिया बहार धरता की मृग, हे सगळं मी बारकाईने विचारत असे. उत्तरं बरोबर आली की कर्ज मंजूर. गारपीट झाली, पीक गेलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे त्याच शेतकऱ्याच्या कर्जाची मुदत वाढवून द्यायची, हेही आम्ही केलं.

आणि बाईच्या बाबतीत मी एकच प्रश्न विचारत होतो. कितवा महिना?

जमीन तारण असते हे माझं उत्तरही खोटं होतं. गृहकर्जात घर तारणच असतं. त्या नर्सचा प्लॉट आणि त्यावर उभं राहणारं घर, दोन्ही बँकेकडे गहाण राहणार होतं. तिचे वडील ते मला तिथल्या तिथे ऐकवू शकले असते. पण साहेबाशी किती बोलायचं याची मर्यादा त्यांनी पाळली.

बायका लपवू लागल्या होत्या हेही मला कळत होतं. एका मे महिन्यात, पारा 44 च्या वर असताना, एक बाई अंगभर शाल लपेटून सह्या करायला आली होती. तिला घाम फुटला होता. मी पंखा तिच्याकडे वळवला, पण तिने शाल सैल केली नाही. दीड महिन्याने तिच्या नवऱ्याने शाखेत पेढे आणले तेव्हा माझ्या लक्षात आलं. फसवलं म्हणून मला राग आला. आठव्या महिन्यातल्या बाईला माझ्या भीतीने त्या उन्हात शाल पांघरावी लागली, हा विचार त्या दिवशी माझ्या मनाला शिवलाही नाही.

मे 2003 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्यांसाठी न्याय्य व्यवहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की कर्ज देताना लिंग, जात आणि धर्म यावरून भेदभाव करू नये. ते परिपत्रक मी स्वतः पंच करून फाईलला लावलं होतं. मी भेदभाव करतो आहे असं मला कधी वाटलं नाही, मी जोखीम मोजतो आहे असंच वाटे. पण समोरच्या पुरुषाला मी कधी विचारलं नाही की तुमचा ठेका किती वर्षांचा, ठेकेदार बदलला तर काय, कारखान्याने माणसं कमी केली तर काय. त्याच्या पगाराच्या पावतीवर शिक्का आहे ना, एवढंच पाहायचो.

2015 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली. तिच्या शहरी भागात अल्प उत्पन्न गटाला 6 लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज अनुदान होतं, आणि नवं घर विकत घेताना घरातल्या बाईचं नाव मालकीत असणं सक्तीचं होतं. त्या अर्जांवर मी बाईचं नाव मालक म्हणून नीट तपासत होतो, आणि त्याच फाईलच्या पुढच्या पानावर तिचा पगार खोडत होतो. दोन पानांमधली ही विसंगती मला कित्येक वर्षं दिसली नाही.

पहिला धक्का 2020 मध्ये बसला. टाळेबंदी लागली आणि रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, आधी तीन महिने, मग वाढवून 31 ऑगस्टपर्यंत. सहा महिने देशभर कुणालाही हप्ता थांबवता येत होता. माझ्या शाखेत कितीतरी लोकांनी थांबवला. त्यातले बरेचसे पुरुष होते आणि त्यांचं उत्पन्न खरोखर शून्यावर आलं होतं. सप्टेंबरपासून ते हळूहळू भरू लागले. बँक जागेवर होती. तेव्हा एका संध्याकाळी, शाखेत कुणी नसताना, मी सहज कागद घेऊन त्या 2014 च्या नर्सचं गणित मांडलं. समजा तिला बाळंतपणात एक रुपयाही मिळाला नसता आणि आम्ही सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात मिळवलं असतं, तर 12 लाखांचे 12 लाख 61 हजार झाले असते. पुढच्या वीस वर्षांसाठी हप्ता 590 रुपयांच्या आसपास वाढला असता. 590 रुपये! साडेपाच लाखांचं कर्ज मी ज्या धोक्यापायी कापलं, तो महिन्याला 590 रुपयांचा होता. आणि तोही नव्हता, कारण सरकारी नोकरीत तिला सहा महिन्यांची पूर्ण पगारी रजा होती. तिचा पगार एक महिनाही बंद पडणार नव्हता. मी तिला रजेबद्दल विचारलंच नव्हतं.

हे कळूनही मी काही केलं नाही. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. नव्या फाईली तरुण अधिकारी पाहत होते आणि मीच त्यांना माझा नियम शिकवला होता. तो मागे घ्या असं त्यांना सांगायला माझी जीभ वळली नाही. हे मला सर्वांत जास्त खटकतं.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर छिंदवाड्यातून निघून या नव्या जिल्ह्यात आलं. त्याच सुमाराला माझी मुलगी बाळंत झाली. ती बोरगावच्या एका कारखान्यात हिशेब विभागात आहे, जावई एका खाजगी संस्थेत. सौंसरमध्ये त्यांनी प्लॉट घेऊन ठेवला होता. घरात बाळ आलं, भाड्याच्या दोन खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, म्हणून 2024 च्या सुरुवातीला बांधकामासाठी 24 लाखांचा अर्ज करायचं ठरलं. जावयाच्या हातात 36,000 पडतात, मुलीच्या 31,000. मी म्हटलं, चला, मी येतो सोबत. बाळ तीन महिन्यांचं होतं, ते आजीकडे ठेवलं.

बँक कुठली ते सांगत नाही. समोर बसलेला अधिकारी माझ्या मुलीच्याच वयाचा, बोलायला नम्र. त्याने पावत्या पाहिल्या, फॉर्म पाहिला आणि विचारलं, "मॅडम सध्या रजेवर आहेत?" मुलगी म्हणाली, "हो, सहा महिन्यांची रजा आहे, पगार चालू आहे." तो म्हणाला, "परत जॉईन होणार हे नक्की ना? नाही म्हणजे, बऱ्याच जणी नंतर सोडतात." मग त्याने तिचा पगार बाजूला ठेवला. जावयाचे 36,000, त्याचे 45 टक्के 16,200, त्यातून मोटरसायकलचा हप्ता 2,800 वजा. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांना लाखामागे 868. कर्ज साडेपंधरा लाखांच्या आत. "नाहीतर मॅडम कामावर गेल्या की तीन महिन्यांच्या पावत्या घेऊन या."

माझं वाक्य, माझाच हिशेब, फक्त दर नवा. मी मुलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. अकरा वर्षांची नोकरी, एक दिवस बिनपगारी नाही, घरचा हिशेब पैशापैशाने लिहिणारी माझी मुलगी. तिच्याकडे पाहताना मला ती झोळी हलवणारी बाई आठवली, मग ती नर्स, मग ती शालवाली. मी त्या अधिकाऱ्याला काही बोललो नाही. बोलायचा मला अधिकार उरला नव्हता.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हीपण असंच करत होता?" मी हो म्हणालो. ती घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

त्या रात्री तिनेच मोबाईलवर मला एक बातमी वाचून दाखवली. बाळंतपणाच्या रजेवरच्या बायकांना कर्ज देताना भेदभाव केल्याच्या तक्रारी अमेरिकेत वेल्स फार्गो या मोठ्या बँकेविरुद्ध झाल्या होत्या आणि त्या मिटवताना 2014 मध्ये त्या बँकेने 50 लाख डॉलर मोजायचं कबूल केलं होतं. तिथे 1988 पासून घराच्या व्यवहारांसंबंधीच्या कायद्यात गरोदर बाईला आणि लेकुरवाळ्या कुटुंबाला संरक्षण आहे. ज्या वर्षी तिकडे हा पैसा मोजला गेला, त्याच वर्षी सौंसरला मी त्या नर्सच्या पगारावर रेघ मारली होती.

आठवड्याने मी सौंसरला त्या नर्सला भेटायला गेलो. तिने ओळखलं. घरात बसवलं, चहा केला. तिचे वडील 2019 मध्येच गेले, हे मला तिथे कळलं. त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं. मी माझी चूक सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने जे सांगितलं ते असं. साडेसहा लाखांत दोन खोल्या उभ्या राहिल्या, वर स्लॅब पडला, आणि पैसे संपले. प्लास्टर नाही, फरशी नाही, संडास अर्धवट. सासूच्या पाटल्या गहाण टाकून संडास पूर्ण केला. बाळ तशाच विटांच्या भिंतीत रांगायला शिकलं. प्लास्टर पाच वर्षांनी झालं. 2017 मध्ये ठेकेदार बदलला आणि नवऱ्याची नोकरी गेली. तेव्हापासून हप्ता तिच्याच पगारातून जातो.

ती म्हणाली, "साहेब, तुम्ही ज्याचा पगार धरला न, तो तीन वर्षांत गेला. ज्याच्यावर रेघ मारली, तो अजून चालू आहे." आवाजात राग नव्हता. चहाचा कप तिने माझ्याकडे सरकवला.

परत येताना बसमध्ये मला 2006 ची ती फाईल पहिल्यांदा नीट दिसली. ती बाई शाळेत परत का गेली नाही? तिची नेमणूक दहा महिन्यांची होती. उन्हाळ्यात पगार नाही, रजा नाही, बाळंतपणाची तर नाहीच. शाळेने तिच्या जागी दुसरी घेतली होती. शिवाय घरात बाळ सांभाळायला कुणी नव्हतं, सासू अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या घरचं उत्पन्न घटलं ते त्या नोकरीला आधारच नव्हता म्हणून. दोष मी बाळाला दिला, आणि ज्या बायकांच्या नोकरीला कायद्याचा आधार होता त्यांनाही त्याच रांगेत उभं केलं.

आता माझं मत असं झालं आहे. बाळ येतं तेव्हा काही घरांचं उत्पन्न खरंच घटतं, काही घरांचं मुळीच घटत नाही. कुठलं घर कुठल्या बाजूला आहे हे बाईच्या पोटाकडे पाहून कळत नाही, कागद पाहून कळतं. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. अट अशी की आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं हवं. 21,000 पर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नाव असलेल्या कामगार बाईला रजेतले पैसे ईएसआय देतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे पैसे पगाराच्या पावतीवर दिसत नाहीत, थेट खात्यात येतात. पावती पाहणाऱ्या अधिकाऱ्याला शून्य दिसतं आणि पासबुक पाहणाऱ्याला सहा महिन्यांची रक्कम दिसते. मी आयुष्यभर पावती पाहिली.

आणि घरात आजी आहे का, शेजारी कुणी आहे का, पाळणाघर परवडतं का, हे कुठल्याच फॉर्ममध्ये नसतं. बाई कामावर परत जाईल की नाही हे बहुतेक वेळा त्यावरच ठरतं. माझी मुलगी आज कामावर जाते ती तिच्या आईच्या जिवावर.

सगळंच मत मात्र बदललेलं नाही. बाळ येणार असताना दोन्ही पगार ताणून, मिळेल तेवढं कर्ज घेऊ नये, हे मी अजूनही म्हणतो. दूध, दवाखाना, लसी, रात्रीबेरात्री रिक्षा, हा खर्च पहिल्या दोन वर्षांत वाढतोच. आणि ज्या बाईची नोकरी त्या 2006 च्या बाईसारखी आहे, तिच्या घराने तिचा पगार वर्ष-दीड वर्ष नाहीच असं धरून हप्ता ठरवावा. हे घरातल्या माणसांनी ठरवायचं असतं, आणि त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून बँकेने. माझ्यासारख्या टेबलापलीकडच्या माणसाने न विचारता रेघ मारून नव्हे.

मुलीच्या कर्जाचं पुढे असं झालं. आम्ही दुसऱ्या बँकेत गेलो आणि काहीही लपवलं नाही. कारखान्याकडून पत्र घेतलं, त्यात रजा कधी सुरू झाली, कधी संपते, रजेत पगार पूर्ण आहे आणि नोकरी कायम आहे, हे सगळं आलं. वर्षभराचं पासबुक जोडलं. 24 लाख मंजूर झाले. मुदत वीसऐवजी पंचवीस वर्षं घेतली. वीस वर्षांना हप्ता 20,827 येत होता, पंचवीसला 19,325. महिन्याला पंधराशे रुपये हाताशी राहतात. शेवटपर्यंत तसंच भरत राहिलं तर एकूण व्याज आठ लाखांनी जास्त जातं, हे मी दोघांना कागदावर दाखवलं. पण बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँकेला दंड घेता येत नाही, 2012 पासून ते बंद आहे. म्हणून बाळ शाळेत जायला लागलं की दरवर्षी बोनसची रक्कम मुद्दलात टाकायची असं ठरलं.

बांधकामाचं कर्ज एकदम उचललं नाही. जोत्यापर्यंत 5 लाख, मग लिंटेल, मग स्लॅब, मग प्लास्टर, असे टप्पे. पूर्ण हप्ता घर झाल्यावर सुरू होणार होता, तोवर उचललेल्या रकमेचं फक्त व्याज. पहिल्या 5 लाखांचं महिन्याचं व्याज साडेतीन हजारांच्या आसपास होतं. मुलीच्या रजेचे उरलेले महिने एवढ्यावर निघाले. मोटरसायकलचं कर्ज तिच्या आईने ठेवीतून फेडून टाकलं. आणि सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवल्याशिवाय पाया खणायचा नाही, ही अट माझी होती. ती त्यांनी पाळली.

2025 मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्याला नव्या गृहकर्जांचे बदलते दर जोडलेले असतात, साडेसहावरून सव्वापाचवर आला. आपोआप हप्ता कमी होईल की मुदत, हे बँकेला विचारून घ्या, असं मी दोघांना सांगितलं. बाळ लहान आहे तोवर हप्ता कमी केलेला बरा, असं माझं मत आहे.

त्या नर्सचं कर्ज अजून बाकी आहे. तिची फाईल मी पाहून दिली. तिच्या खात्याला अजून जुन्याच पद्धतीचा दर लागत होता, तो रेपोला जोडून घेण्याचा अर्ज आम्ही मिळून लिहिला. तिचे वडील असते तर त्यांना तो वाचून दाखवला असता.

सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, मोहगाव, पिपळा, कुठूनही कुणाला घराच्या कर्जाचा अर्ज करायचा असेल आणि घरात बाळ येणार असेल किंवा नुकतंच आलं असेल, तर बँकेत जाण्याआधी एखाद्या जाणत्या माणसाला फाईल दाखवून घ्या. माझ्याकडे आलात तर मी बसून पाहून देईन, पैसे घेणार नाही. सकाळी दहा ते बारा मी घरी असतो. येताना बाईंच्या रजेचं पत्र आणि बारा महिन्यांचं पासबुक आणा, आणि बाईंनी स्वतः यावं.